झाकण धरायला माणूस

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. ते आमच्या मागच्या अंगणात चार चाकांवर उभं आहे. वर काळं चकचकीत झाकण, झाकणाला लाकडी मूठ, मुठीखाली कंपनीचं नाव आणि या सगळ्यावर एक जाड कव्हर. मला थंडी वाजली तर या घरात कोणी उठून पांघरूण घालत नाही. त्याला मात्र रोज संध्याकाळी घालतात, वर दोऱ्या ओढून घट्ट बांधतात.

बार्बेक्यू. मी त्याला आपली शेगडी म्हणते आणि साहेबांना राग येतो. साहेब म्हणजे माझा नवरा. वजनमापं तपासणं ही त्यांची नोकरी. दुकानादुकानांत जायचं, तराजूवर आपली वजनं ठेवायची, काटा खोटं बोलतो का ते बघायचं. आयुष्यभर हेच केल्यामुळे त्यांचा माणसांपेक्षा काट्यांवर विश्वास जास्त. मी म्हटलं, आज मीठ बेताचं आहे, तर ते विचारतात, बेताचं म्हणजे किती?

शेगडी घरात यायच्या आधी महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा असायचा आणि त्यात कोणी ना कोणी मांस भाजत असायचं. कुठल्या कंपनीचा पत्रा जाड, कुठल्या झाकणातून धूर गळतो, कुठल्या जाळीला गंज चढतो, हे सगळं मला भाताबरोबर गिळावं लागायचं.

"अहो, पण यात भाजलेलं काय वेगळ्या पोटात जातं का?" मी एकदा विचारलं.

"तुला कळणार नाही. स्वस्त घेणारा दोनदा घेतो."

"आपण तर एकदाही घेतलेली नाही. आपल्याकडे ड्रम आहे."

"ड्रम!" साहेब असे हसले, की जणू मी त्यांना विहिरीतून पाणी शेंदायला सांगितलं.

मला राग आला तो किमतीचा नव्हे. म्हणजे किमतीचाही आला. त्या पैशांत आमच्या स्वयंपाकघराची फरशी बदलून झाली असती. ओट्याजवळची एक फरशी कित्येक वर्षं हलते आहे, पाय ठेवला की टक्क वाजते. त्यावर साहेबांचं म्हणणं, फरशी आहे, हलणारच. पण खरा राग आला तो ड्रमला हसल्याचा, कारण ड्रम दादांचा होता.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. छापखान्यात बाइंडिंगच्या कामावर होते. आता निवृत्त. फार वर्षांपूर्वी त्यांनी कुठून तरी तेलाचा रिकामा ड्रम आणला, आडवा कापला, खाली पाय लावले आणि वरच्या अर्ध्या भागाचं झाकण केलं. फक्त बिजागऱ्या लावताना चुकले. झाकण उघडायचं, पण उघडं राहायचं नाही. हात सोडला की धाडकन खाली. "पुढच्या रविवारी नीट करतो," दादा पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यानंतर रविवार पुष्कळ आले, पण तो काही आला नाही.

त्यामुळे ड्रमपाशी दोन माणसं लागायची. एकाने झाकण वर धरायचं, दुसऱ्याने चिमट्याने तुकडे उलटायचे. झाकण दादांकडे, चिमटा साहेबांकडे. झाकणाची कडी तापायची, म्हणून दादांनी छापखान्यातला चामड्याचा एक तुकडा आणला होता, जाड पुस्तकांच्या पाठीला लावतात तसला. तो ड्रमच्या पायाला अडकवलेला असायचा.

"मधे काठी लावा की," मी एकदा सुचवलं.

दोघांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"काठी घसरते," दादा म्हणाले.

"घसरते," साहेब म्हणाले. विषय संपला.

एरवी हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलतात म्हणजे काय, तर "बरं आहे ना?" आणि "बरं आहे." मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथे तोंडात यंत्रं घातलेली माणसंसुद्धा यांच्यापेक्षा जास्त बोलतात. पण रविवारी दुपारी ड्रमपाशी उभे राहिले की काय व्हायचं कोण जाणे, तोंडाला खंड नसायचा. "अरे उलट, जळलं!" "धूर माझ्याकडे नको, झाकण तिकडे कर." "बारक्या, तुला आयुष्यात एक तुकडा धड भाजता आला नाही." "तू झाकण नीट धर, मग बोल." शाळेतल्या मास्तरांपासून कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं इथपर्यंत सगळं निघायचं. मी आत कांदा चिरत ऐकायचे आणि एकटीच हसायचे.

आणि पहिला तुकडा झाला की साहेब त्याच्यावर फुंकर घालून तो दादांच्या तोंडात द्यायचे, कारण दादांचे हात गुंतलेले. दादा डोळे मिटून चावायचे आणि निकाल द्यायचे, "अजून थोडं." नेहमी अजून थोडंच. त्यामुळे आमच्याकडे कोंबडी कडेने करपलेली खायची पद्धत पडली. पन्नाशी ओलांडलेला माणूस साठी ओलांडलेल्या भावाला हाताने भरवतो, हे मी दुसऱ्या कुठल्याही घरात बघितलेलं नाही. त्यांना विचाराल तर दोघंही म्हणतील, छे, असं काही नसतं.

जाऊबाई गेल्यावर तर रविवारला फारच किंमत आली. दादांना मूलबाळ नाही. जाऊबाईंचं आजारपण लांबलं होतं, आणि त्यात दादाच त्यांना उचलायचे, न्हाऊ घालायचे, भरवायचे, रात्र रात्र उशाशी उभे असायचे. त्या गेल्या आणि दादांच्या हातांना एकदम कामच उरलं नाही. सकाळी चहा-पाव, रात्री चहा-पाव. कोणी बोलावलं तर जाणार नाहीत, कोणी आलं तर दार उघडून परत खुर्चीत. सदरे अंगावर लोंबायला लागले. पण रविवारी यायचे. बाह्या वर करून यायचे, ड्रमपाशी उभे राहायचे आणि नंतर माझ्या समोर बसून पोटभर जेवायचे. ते माझ्या डोळ्यांना दिसायचं आणि माझा आठवडा निर्धास्त जायचा.

तर हा ड्रम साहेबांनी भंगारवाल्याला देऊन टाकला. मला न विचारता, दादांना न विचारता, नवी शेगडी आली त्याच दिवशी.

दुकानात मी बरोबर गेले होते, म्हणजे मला नेलं होतं. तिथल्या विक्रेत्याने कडक इस्त्रीचा एप्रन घातला होता. त्या एप्रनवर मसाल्याचा एक ठिपका नव्हता, यावरून मी काय ते ओळखलं. त्याने झाकणाला एक बोट लावलं आणि झाकण वर गेलं. बोट काढलं. झाकण तिथेच राहिलं.

"बघितलंत सर? आतमध्ये दोन स्प्रिंगा आहेत. अर्ध्यात सोडा, पाव सोडा, जिथे सोडाल तिथे राहतं. एकट्या माणसाला सगळं करता येतं."

साहेबांनी स्वतः करून बघितलं. मग परत. मग परत. "एका बोटाने!" ते मला म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी आमच्या लग्नातही बघितला नव्हता. त्या वेळी मला वाटलं, नव्याची नवलाई. त्यांच्या मनात काय आहे ते मी विचारलं नाही, आणि सांगणं तर त्यांच्या घराण्यातच नाही.

पहिल्या रविवारी दादा आले. बाह्या वर करतच अंगणात गेले आणि ड्रमच्या कोपऱ्यापाशी जाऊन थांबले. तिथे ही काळी महाराणी उभी. दादांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"ये दादा, ये!" साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. गादी घातलेली, हात टेकायची सोय असलेली. तीही नवीन. "आज तू फक्त बस."

"झाकण?"

"झाकणाची भानगडच नाही. हे बघ." एक बोट. झाकण वर. "राहतं की नाही? आता तुझ्या हातांना सुट्टी."

दादा बसले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग खुर्चीच्या हातांवर, मग पुन्हा मांडीवर. साहेबांनी कोंबडीत एक सळई खुपसली, तिची तार बाहेर काढली आणि मोबाइल घेऊन शेजारी बसले. आत किती तापलं, मांस किती शिजलं, सगळं मोबाइलवर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून मोबाइलकडे बघत होते. आतून मला एक शब्द ऐकू आला नाही.

मोबाइल वाजला, कोंबडी झाली. आणि आता खोटं कशाला बोलू, कोंबडी अप्रतिम झाली होती. आतपर्यंत शिजलेली, तरी रसाळ. कडेला सोनेरी, कुठे करपलेली नाही. जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, सगळ्याचा उपयोग होता. पैसे पाण्यात गेले असं म्हणायची सोयच त्या शेगडीने ठेवली नाही, याचाही मला राग आला.

"छान आहे," दादा म्हणाले. दोन तुकडे खाल्ले. पुन्हा म्हणाले, "छान आहे." एखाद्या परक्याच्या घरी म्हणावं तसं.

त्यांनी "अजून थोडं" म्हटलं नाही. कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर दादा दोनतीनदा आले, बसले, "छान आहे" म्हणाले आणि गेले. मग त्यांचा गुडघा दुखायला लागला. पुढच्या वेळी पोट बिघडलं. त्याच्या पुढच्या वेळी छापखान्यातला कोणी जुना सोबती भेटायला येणार होता. त्या सोबत्याबद्दल आम्ही या आधी कधी ऐकलं नव्हतं.

"दादा येत नाहीत," मी म्हटलं.

"त्याला आराम हवा असेल," साहेब म्हणाले. ते शेगडीची जाळी घासत होते. त्यासाठी वेगळा ब्रश आला होता, कंपनीचाच. चिमटा कंपनीचा, हातमोजे कंपनीचे. कोळसासुद्धा कंपनीचा आणायचं चाललं होतं, तेव्हा मी म्हटलं की मी माहेरी जाईन. "गुडघा दुखतो म्हणाला ना? एवढ्या लांब यायचं, जायचं."

"लांब? दोन गल्ल्या सोडून राहतात ते."

"दोन गल्ल्यासुद्धा गुडघ्याला लांबच."

पालथ्या घड्यावर पाणी. मी डबे न्यायला लागले. कोंबडी, बटाटे, भाजलेली कणसं, सगळं डब्यात भरायचं आणि रविवारी संध्याकाळी दादांच्या दारात. दादा डबा घ्यायचे, "कशाला त्रास घेतेस, डॉक्टरीणबाई," म्हणायचे. दातांच्या दवाखान्यात बसते म्हणून मी त्यांची डॉक्टरीणबाई. मागचा डबा धुऊन परत मिळायचा.

एका शनिवारी दवाखाना लवकर बंद झाला, म्हणून मी परस्पर त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. टीव्ही चालू होता, आवाज बंद. टेबलावर माझा डबा होता. मागच्या रविवारचा. मी झाकण उघडलं. कोंबडी मी भरली होती तशीच होती. वास यायला लागला होता.

दादांनी माझ्याकडे बघितलं आणि चोरी पकडल्यासारखे उठायला लागले.

"बसा हो," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "आणि आधीच्या डब्यांचं काय करत होतात?"

"खालच्या कुत्र्याला."

"दादा!"

"अगं, भूकच लागत नाही. बसून बसून कसली भूक लागणार?" ते पुन्हा खुर्चीत बसले. "घरी बसतो. तिकडे आलो की तिकडे बसतो. मग म्हटलं, बसायलाच जायचं तर इथली खुर्ची काय वाईट आहे."

मी डबा धुवायला घेतला. नळ मोठा सोडला, मला रडू आलं तरी ऐकू जाऊ नये म्हणून. मागून त्यांचा आवाज आला.

"ड्रम कुणाला दिला गं?"

"भंगारात."

"बरं केलं," दादा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "गंजलाच होता. बिजागऱ्या पण मी वाकड्या लावल्या होत्या."

त्यांच्या मनगटाला एक जुना डाग होता, झाकणाच्या कडेने भाजल्याचा. बोलताना ते त्याच्यावरून अंगठा फिरवत होते. हा माणूस असाच बसून बसून संपेल, हे मला तिथे मोरीपाशी उभं राहून स्पष्ट दिसलं, आणि घरी जाईपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

साहेब अंगणात शेगडीचं कव्हर काढत होते. उद्याची तयारी.

"ते ठेवा खाली," मी म्हटलं. "आणि ऐका. तुमची ही शेगडी मला या घरात नको."

"काय झालं?"

"काय झालं? भावाला घराबाहेर काढलंत तुम्ही, आणि काय झालं विचारता? त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली वस्तू भंगारात दिलीत. निदान विचारायचं तरी! ते जेवत नाहीत. डबे कुत्र्याला घालतात. आठवडाभर तोंड उघडत नाहीत. पण तुम्हाला काय त्याचं, तुमचं झाकण एका बोटाने उघडतंय ना!"

साहेब एरवी माझ्यापेक्षा हळू बोलतात. त्या दिवशी ते ओरडले.

"त्याच्यासाठीच घेतली मी ती!"



"त्याच्यासाठी," ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू. हातातल्या कव्हरची घडी घालायला लागले, ती विस्कटली, पुन्हा घालायला लागले. "वहिनीच्या आजारपणात तो किती उभा होता, तू बघितलंस ना? पाय सुजायचे त्याचे. त्याच्याआधी छापखान्यात उभा. आणि रविवारी माझ्याकडे आला, तर इथेही झाकण धरून उभा. हात भाजून घ्यायचा. शेवटी जेवायचा, सगळं गार झाल्यावर. मला बघवत नव्हतं. म्हटलं, असं काहीतरी घ्यावं की दादाला हात लावायला लागणार नाही. खुर्चीत बसावं त्याने, राजासारखं. गरम गरम खावं." मग म्हणाले, "दहा दुकानं फिरलो मी. प्रत्येक दुकानात आधी झाकण बघायचो, सोडलं की राहतं का. एकाचंच राहिलं. म्हणून ती महाग."

इतका वेळ ज्या शेगडीला मी शिव्या घालत होते, ती माझ्या नवऱ्याच्या मायेने आणलेली होती. आणि तीच माया त्यांच्या भावाला घरी बसवून उपाशी मारत होती. मला दोघांचाही इतका राग आला की दोघांच्या डोक्यावर एकेक कणीस हाणावं. एकाला वाटलं भावाने बसावं, दुसऱ्याला वाटलं आपण नकोसे झालो, आणि दोघंही मूग गिळून गप्प!

"हे त्यांना सांगितलंत का तुम्ही?"

"असं कसं सांगणार?"

"तोंडाने."

साहेबांनी घडी घातलेलं कव्हर पुन्हा उलगडलं.

"अहो, त्यांना बसायला नको आहे," मी म्हटलं. "घरी दिवसभर बसूनच असतात. इथे ते उभं राहायला येत होते. तुम्हाला वाटलं ते झाकणासाठी थांबतात. अहो, झाकण पडायचं म्हणून तर त्यांना यायला मिळायचं."

साहेबांनी रात्री जेवताना मोबाइल लावला नाही. ओट्याजवळची फरशी टक्क वाजली तशी एकदा वर बघितलं, तेवढंच.

सकाळी मला जाग आली ती अंगणातल्या खुडबुडीने. बघते तर साहेब शेगडीपुढे मांडी घालून बसलेले. शेजारी पाना, पकड, आणि जमिनीवर एक स्वच्छ फडकं अंथरलेलं. ज्या शेगडीला हात पुसल्याशिवाय ते मला शिवू देत नव्हते, तिच्या झाकणाचे स्क्रू ते काढत होते. एक स्प्रिंग निघाली. त्यांनी ती फडक्यावर ठेवली. दुसरी निघाली. मग उठून झाकणाला एक बोट लावलं, वर नेलं, बोट काढलं.

धाडकन!

शेजारच्या गच्चीवरचे पक्षी उडाले. साहेबांनी पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. धाडकन.

"वॉरंटी गेली," ते म्हणाले. मग मला दिसू नये म्हणून पाठ फिरवून नाक पुसलं आणि दादांना फोन लावला.

"दादा, अरे, ते झाकण बिघडलं. वर राहतच नाही... हो, नवीनच... नाही, रविवारी कंपनीचा माणूस येत नाही. कोंबडी तर मसाला लावून ठेवली आहे... तिला? तिला नाही जमत, उंची पुरत नाही तिची."

माझी उंची साहेबांइतकीच आहे. पण मी मधे बोलले नाही.

दादा आले ते त्यांच्या गुडघ्याला न शोभेल अशा वेगाने. सरळ अंगणात गेले. झाकण उचलून बघितलं, खाली वाकले, स्प्रिंगांच्या रिकाम्या जागांवरून बोट फिरवलं.

"दोन्ही एकदम गेल्या?"

"एकदम," साहेब म्हणाले.

दादा त्या रिकाम्या जागांकडे आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग सरळ उभे राहिले आणि खिशातून चामड्याचा तुकडा काढला. ड्रमच्या पायाला असायचा तोच. ड्रम भंगारात देताना तो तिथल्या मातीत गळून पडला, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं; पहिल्याच रविवारी दादांना मात्र तो दिसला होता आणि त्यांनी उचलला होता. इतके दिवस तो त्यांच्याजवळ होता. त्यांनी तो लाकडी मुठीवर गुंडाळला. खरं म्हणजे ती मूठ तापत नाही, तीही कंपनीची खुबी. पण गुंडाळला, झाकण उचललं आणि धरलं.

"एवढे पैसे घातलेस," ते म्हणाले, "आणि झाकण उभं राहत नाही?"

"नाही ना."

"माझ्या ड्रमचं राहत नव्हतं, तर फुकटात राहत नव्हतं. तू विकत घेऊन हेच आणलंस."

"फसलो दादा."

"पत्रा बघ. चकचकीत नुसता. याला पत्रा म्हणतात? नुसत्या नावाचे पैसे घेतात हे लोक. तुझ्यासारखे भेटतात ना त्यांना. अरे उलट, बघतोस काय, जळलं ते!"

"उलटतोय ना. तू धूर तिकडे घे."

मी कांदा चिरायला आत गेले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. दादांनी त्या कंपनीची पाळंमुळं खणून काढली. चाकं हलकी, जाळी पातळ, रंग उडणारा, स्प्रिंगा दोन दिवसांच्या. आणि माझा नवरा, ज्याने दहा दुकानं फिरून, महिनाभर माझं डोकं खाऊन ती शेगडी निवडली होती, तो प्रत्येक वाक्याला "हो दादा", "खरं आहे", "माझंच चुकलं" म्हणत होता. एका तपासनिसाला आपला काटा खोटा होता असं दर मिनिटाला कबूल करावं लागत होतं, तेही खरा असताना. मला त्यांची इतकी कीव आली, आणि इतकी माया आली, की खिडकीतून ओरडून सांगावंसं वाटलं, अहो दादा, शेगडी चांगली आहे हो, फार चांगली आहे. जीभ चावून गप्प बसले.

थोड्या वेळाने मी बाहेर आले तेव्हा सळई आणि तार कुठे दिसत नव्हती. साहेबांनी एक तुकडा चिमट्याने उचलला, त्याच्यावर फुंकर घातली आणि दादांच्या तोंडाशी नेला. दादांनी डोळे मिटून चावला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

"अजून थोडं," दादा म्हणाले.

कोंबडी शिजून केव्हाच झाली होती. हे साहेबांना कळत होतं, मला कळत होतं. साहेबांनी तुकडे पुन्हा जाळीवर पसरले.

जेवताना कोंबडी कोरडी लागत होती, कडा काळ्या झाल्या होत्या. दादांनी तीनदा घेतली. पाणी पिताना त्यांनी विचारलं, "कंपनीचा माणूस कधी येणार म्हणे?"

"काय सांगावं," साहेब म्हणाले. "तो भाग बाहेरून मागवावा लागतो. वेळ लागेल."

"म्हणजे तोवर मलाच यावं लागणार दर रविवारी."

"यावं लागेल."

"कटकट आहे," दादा म्हणाले आणि चौथ्यांदा ताट पुढे केलं.

स्प्रिंगा माझ्याकडे आहेत. साहेबांनी त्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिल्या, फेकून दे म्हणाले. मी त्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवल्या आहेत. अधूनमधून तेलाचं बोट लावते, गंजू नयेत म्हणून. महागाची वस्तू आहे ती.